फॉरमॅट मारावा लागेल

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं. ते कानावर आलं की माझ्या पोटात गोळाच येतो. "काका, फॉरमॅट मारावा लागेल." मारावा लागेल! क्रियापदसुद्धा बघा कसं निवडलंय. संगणक सुरू होत नाही, अर्ध्यावर अडकतो, निळा पडदा दाखवतो, नुसताच टूं टूं करत बसतो... दुखणं कुठलंही असो, औषध एकच. आमच्या लहानपणी दवाखान्यात एका मोठ्या बाटलीतलं लाल औषध असायचं. ताप असो, खोकला असो, पोट दुखत असो, प्रत्येकाला तेच. पण त्या लाल औषधाने निदान रोग्याच्या आठवणी तरी पुसल्या जात नव्हत्या!

जुना संगणक नीट सुरू होत नसेल तर फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याचा विचार करायच्या आधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हा अडकतोय कुठे? आणि ह्याच्या पोटात आहे काय? बहुतेक ठिकाणी दोन्ही विचारले जात नाहीत. वर्गात एखादा मुलगा उत्तर देत नसला, तर त्याला येत नाही असं धरून पुढे जाणारे मास्तर मी पाहिलेत. त्याला फळा दिसतोय का, हे विचारायचं राहूनच जातं.

आता तुम्ही म्हणाल, मराठीचे मास्तर संगणकाच्या पोटात कशाला शिरतात? तर मंडळी, ते फारसं अवघड नाही. बटण दाबल्यापासून चित्र येईपर्यंत संगणक ठरलेल्या पायऱ्या चढतो. आधी आत वीज पोचते. ते काम एसएमपीएस नावाच्या पत्र्याच्या डब्याचं. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो जागा होतो आणि हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. मेमरी? हजर. कीबोर्ड? हजर. सगळं ठीक असलं तर बऱ्याच संगणकांत एकदाच छोटासा 'टूं' वाजतो. मग बायोस हार्ड डिस्क शोधतो, तिची सुरुवात वाचतो आणि कारभार विंडोजच्या हाती देऊन बाजूला होतो.

म्हणजे अडकायच्या जागा ढोबळमानाने तीन. पडद्यावर काही उमटायच्या आधीच थांबला, तर दुखणं विजेचं, मेमरीचं किंवा बोर्डाचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबला, तर ती अक्षरं वाचायची. डिस्क सापडत नाही, सेटिंग हरवलं, असं काहीतरी त्यानेच लिहिलेलं असतं. (आमच्या ओळखीच्या एका संगणकाने तर लिहिलं होतं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. ह्याला काय म्हणावं!) आणि विंडोजचं चिन्ह येऊन मग थांबला, तरच गडबड विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये असण्याचा संभव जास्त. फॉरमॅटचा उपयोग झालाच तर ह्या तिसऱ्या पायरीवर होतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर अडलेल्या संगणकाला फॉरमॅट मारणं म्हणजे दाराचं कुलूप गंजलं म्हणून घरातलं सामान फेकून देण्यासारखं आहे.

आमच्या किनाऱ्यावर तर कुलूपच जास्त गंजतं. अलिबागपासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत कुणालाही विचारा. खिडकीचे गज, सायकलची साखळी, शिवणयंत्र, काही म्हणजे काही सुटत नाही. खारी दमट हवा संगणकात शिरणारच. मेमरीची पट्टी ज्या खाचेत बसते तिथे सोनेरी दातऱ्या असतात. त्यांच्यावर मळाचा पातळ थर धरला की मेमरी 'हजर' म्हणत नाही. बायोस लांबलचक टूं... टूं... करत राहतो आणि पडदा काळाच राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेला. त्यावर इलाज काय, तर आपलं शाळेतलं खोडरबर! संगणक बंद करायचा, वायर भिंतीतून काढायची, हात आधी पत्र्याच्या पेटीला लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मग पट्टी काढून दातऱ्यांवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कण नीट पुसायचे आणि पट्टी टक्क आवाज येईपर्यंत परत बसवायची. मात्र एसएमपीएसचा डबा उघडायच्या भानगडीत कुणी पडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते.

दुसरं नेहमीचं दुखणं नाण्याएवढ्या बॅटरीचं. तिचं नाव सीआर २०३२. वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. तीन व्होल्टची असते आणि साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते. संगणक बंद असताना तारीख, वेळ आणि बायोसची सेटिंगं हिच्या जिवावर टिकतात. वर्षानुवर्षं न लावलेल्या संगणकात ही हमखास संपलेली असते. मग संगणक जागा होतो तो कारखान्यातल्या जुन्या तारखेला, आणि आपण ठरवून दिलेलं सगळं विसरून. कधी कधी डिस्कशी बोलायची पद्धतसुद्धा तो विसरतो. एका पद्धतीने बसवलेलं विंडोज दुसऱ्या पद्धतीने सुरू होऊ शकत नाही आणि निळा पडदा येतो. आता इथे खरा दोष कुणाचा? बॅटरीचा. शिक्षा कुणाला? डिस्कला. "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

आणखी एक प्रकार म्हणजे १९९९ ते २००७ च्या सुमाराच्या पुष्कळ मदरबोर्डांवर कच्चे कपॅसिटर बसवले गेले होते. छोट्या पिंपासारखे दिसतात. त्यांची डोकी फुगलेली किंवा त्यातून तपकिरी रस गळलेला दिसला, तर बोर्डच आजारी आहे असं समजावं. मुंग्या, पालीची अंडी आणि उन्हाळ्यातलं कमी दाबाचं व्होल्टेज ह्यांच्याबद्दल मी लिहायला नकोच.

हे सगळं आता लिहायचं कारण माझ्या दाजींचा संगणक.

नातलगांपैकी बहुतेकांना माहीत आहे, पण ब्लॉगवरच्या मित्रांसाठी सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दिवेआगरला राहायचे. नारळ-पोफळीची वाडी होती. निवृत्तीनंतर त्यांनी एक नाद लावून घेतला. वाडीतले, खाडीवरचे, घरातले जुने शब्द गोळा करायचे. कोण कुठे काय म्हणतं, श्रीवर्धनकडे काय आणि अलिबागकडे काय, ते शेजारी लिहायचं. पोय, विरी, सोडण, आळं, दांड, झाप, शिंपणं... एकेका शब्दापुढे पाच-सहा ओळी. मिठागराच्या आणि खारबंदिस्तीच्या शब्दांसाठी ते पेण-अलिबागच्या खारेपाटात जाऊन बसायचे. २००६ साली जोडून घेतलेल्या संगणकावर एका बोटाने टाइप करायचे. अकराशेच्या वर शब्द झाले होते. दाजी २०१८ साली गेले आणि संगणकावर प्लॅस्टिकचं आवरण पडलं ते पडलंच.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, झोत त्याहून मोठे. ताईच्या घरावरची निम्मी कौलं गेली, वीज यायला महिना होत आला. श्रीवर्धन तालुक्यातल्या पोफळी कशा काडीसारख्या मोडून पडल्या होत्या ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. नवीन पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं लागतात. ज्या झाडांची नावं, ज्यांच्या भागांची नावं दाजींनी लिहून ठेवली, ती झाडंच एका दुपारी आडवी झाली. संगणक मधल्या खोलीत होता म्हणून भिजला नाही.

गेल्या वर्षी भाचीने मनावर घेतलं की बाबांचे शब्द छापायचे. आवरण काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला, लांबलचक टूं टूं झालं, पडदा काळा. दुकानात नेला. दुकानदार भला माणूस, पण वाक्य तेच! वर म्हणाला, "एवढ्या जुन्याला खर्च कशाला करता? भंगारात द्या, मी नवीन जोडून देतो." भाचीचा फोन आला, "मामा, काय करू?" मी म्हटलं, "आहे तसा उचल आणि घरी घेऊन ये. डिस्कला कुणाला हात लावू देऊ नकोस."

इथे फॉरमॅट म्हणजे होतं काय ते सांगायला हवं. वाचनालयात सूचीचे खण असतात, त्यातल्या कार्डावर पुस्तक कुठल्या कपाटात ते लिहिलेलं असतं. झटपट फॉरमॅटमध्ये ती कार्डं फेकली जातात. पुस्तकं कपाटातच असतात, म्हणून जाणकार माणूस कधी कधी ती परत शोधूनही देतो. पण फॉरमॅटनंतर लगेच नवीन विंडोज घालतात, म्हणजे त्याच कपाटांत नवी पुस्तकं जुन्यांना ढकलून कोंबली जातात. त्यांच्याखाली जे गेलं ते गेलं. आणि पूर्ण फॉरमॅट केला तर आताचं विंडोज सगळी डिस्क कोरी करत जातं, तिथे तर जाणकारही हात टेकतो.

दुकानदाराची बाजूही आहे, ती मी नाकारत नाही. त्याला शे-दोनशे रुपये मिळणार, गिऱ्हाईक "संध्याकाळी मिळेल ना?" म्हणून डोक्यावर बसलेलं. व्हायरसने पोखरलेल्या संगणकाला कोरं करणं हाच शहाणपणा असतो, तेही खरं. माझी तक्रार एवढीच की मारायच्या आधी "आत काही ठेवण्यासारखं आहे का?" हा प्रश्न त्याने विचारावा. आणि त्याने नाही विचारला तर आपण होऊन सांगावं. डॉक्टरांना नाही का आपण सांगत, मला अमुक गोळी चालत नाही म्हणून?

असो. दाजींच्या संगणकाचं पुढे काय झालं ते ऐका. खोडरबर फिरवल्यावर टूं टूं थांबलं आणि पडदा उजळला. तारीख १ जानेवारी २००५, आणि खाली सेटिंग हरवल्याची ओळ. बॅटरी बदलली. मग विंडोज एक्सपीचं चिन्ह आलं, पट्टी थोडी सरकली, क्षणभर निळा पडदा लुकलुकला आणि संगणक आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीनदा तेच. म्हणजे आता आपण तिसऱ्या पायरीवर होतो.

माझ्या मते इथे घाई करणारे सगळ्यात जास्त नुकसान करतात. विंडोज का अडतंय ह्याचा शोध आम्ही तिथेच थांबवला आणि डिस्क बाहेर काढली. यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर मिळतं, ते लावून ती भाचीच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क 'टक् टक्' वाजत नव्हती, हे नशीब. तसा आवाज आला तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, सरळ बंद करून जाणकाराकडे द्यावी. कन्व्हर्टर नसेल तर पेन ड्राइव्हवरून किंवा सीडीवरून लिनक्स सुरू करूनही फायली बाहेर काढता येतात, जुन्या संगणकांसाठी पपी लिनक्ससारखे हलके प्रकार आहेत. आमची कॉपी दुपारभर चालली. दोन-तीन ठिकाणी अडखळली, पण सगळं आलं. दोन प्रती केल्या. त्यानंतर मग डिस्क तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. हाच प्रोग्रॅम आधी चालवा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. थकलेल्या डिस्कवर तो तासन् तास खरवडत बसतो आणि 'दुरुस्ती' म्हणून फायलींचे तुकडेही करून ठेवतो. आधी मजकूर बाहेर, मग दुरुस्ती, हा क्रम मी कुणासाठीही मोडणार नाही. तपासणी झाल्यावर एक्सपी सुरू झालं. दाजींनी लावलेलं नारळाच्या वाडीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा ताई काही बोलली नाही, नुसती खुर्ची ओढून बसली.

तुम्ही म्हणाल, फायली निघाल्या, मग तो डबा आता द्या भंगारात. थांबा. खरी गंमत पुढेच आहे, आणि ती फक्त आपल्या भाषेवाल्यांना भोगावी लागते. भाचीने लॅपटॉपवर फाईल उघडली तर आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं आपण ऐकायचो, आठवतं? त्या काळच्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. बऱ्याच सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या भोकात लावायचं एक कुलूपही असे. ते नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही. म्हणजे दाजींचा मजकूर जसा त्यांनी पाहिला तसा दाखवणारा जगात एकच संगणक उरला होता, तो हा, भंगारात निघालेला.

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्रॅम आहेत, आम्ही वापरले. पण ते डोळे झाकून घेऊ नयेत. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी हाताने दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट, जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. प्रोग्रॅमने अदलाबदल चुकवली की 'विरी'ची वेलांटी अधांतरी लटकते. ते निदान डोळ्यांना खुपतं तरी. पण एका ठिकाणी दाजींनी 'दर्याला उधाण' लिहिलं होतं, त्याचं झालं 'दऱ्याला उधाण'. एका रफाराने समुद्र उचलून डोंगरात नेऊन ठेवला! स्पेलचेकरला हे कळायचं कसं? दोन्ही शब्द त्याच्या दृष्टीने बरोबरच.

म्हणून आम्ही दोन्ही संगणक शेजारी शेजारी मांडले. जुन्यावर दाजींचं पान, नव्यावर युनिकोडचं, आणि ओळीने वाचत जायचं. मला ह्यात अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली वेधशाळा इथे आणली. पण कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मापं एकमेकांशी जुळवता यावीत. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या नोंदी आणि आजच्या अलिबागच्या नोंदी एका माळेत ओवता येतात. घरातला जुना संगणक काढताना दोन वर्षं नको, पण दोन महिने तरी ही पद्धत वापरायला काय हरकत आहे?

एक पथ्य मात्र पाळलं. जुन्या संगणकाला इंटरनेटची वायर लावली नाही. एक्सपीची सुरक्षेची डागडुजी ८ एप्रिल २०१४ लाच संपली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही पाळी आली, तेव्हा पुष्कळ घरांतले धडधाकट संगणक ह्यापुढे माळ्यावर जातील. ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवायच्या आधी माझ्या भाचरंडांनी आणि पुतण्यांनी आजोबांच्या फोल्डरमध्ये एकदा डोकवावं. 'नवीन फोल्डर २' असं नाव असलं तरी आत काय असेल सांगता येत नाही. फायलींबरोबर फाँटचं फोल्डरही उचलावं, ते नेहमी विसरलं जातं.

अकराशेपैकी एक हजार एकोणऐंशी शब्द आता तपासून झाले आहेत. बाकीच्यांत काही ठिकाणी दाजींचं टाइपिंगच लागत नाही, काही ठिकाणी अर्थ अर्धवट सोडलेला आहे. भाचीने त्यांची यादी मोठ्या अक्षरांत छापून ताईला दिली. ताईचं वय आता त्र्याऐंशी. तिने चष्मा लावून यादी वाचली आणि सात शब्दांचे अर्थ बसल्या बसल्या सांगितले. आठव्यावर थांबून हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, हा शब्द नाहीच काही. हे आमच्या म्हशीचं नाव." उरलेली यादी पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो. श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा भागातल्या जुन्या माणसांना विचारून ज्याला जो शब्द लागेल त्याने कळवावा.